हॉलिवूडच्या संगीतपटांतली गाळलेली गाणी: शोधायची कशी आणि बेळगावात ऐकवायची कशी

संगीत नाटकं पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला गाळलेलं पद म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये (1880) दोनशेच्या वर पदं होती, आजच्या प्रयोगात त्यातली मोजकीच उरतात. पण नाटकातलं पद गाळलं तरी ते छापील संहितेत राहतं आणि उद्या एखादी संस्था ते पुन्हा गाऊ शकते. चित्रपटातून कापलेलं गाणं मात्र गोदामातल्या डब्यात जातं. पुढे कधी चित्र हरवतं आणि आवाज उरतो, कधी नुसता पियानोवरचा कच्चा नमुना हाती लागतो, तर कधी सगळंच्या सगळं पन्नास वर्षांनी बाहेर येतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या एखाद्या वाचनालयाला, संगीत मंडळाला किंवा चित्रपट पाहणाऱ्या गटाला या गाण्यांवर दोन तासांचा कार्यक्रम करायचा असेल, तर तो कसा उभा करायचा ते इथे दिलं आहे. एक गोष्ट आधीच पक्की करा: गाळलेलं गाणं सुटं वाजवायचं नाही. ते चित्रपटात कुठल्या प्रसंगानंतर येणार होतं आणि कापल्यावर तिथे काय उरलं, हे दाखवूनच ऐकवायचं. सुटं वाजवलं तर ती फक्त एक दुर्मीळ चीज होते. लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि घरी जातात.

आधी गाण्याची अवस्था ठरवा

‘गाळलेलं’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे प्रकार येतात. त्यांची सरमिसळ झाली की निवेदनात चुका होतात.

काही गाणी लिहिली गेली, चालही लागली, पण चित्रपटासाठी त्यांचं ध्वनिमुद्रण झालंच नाही. ‘मेरी पॉपिन्स’साठी (1964) शर्मन बंधूंनी लिहिलेलं ‘चिंपांझू’ हे असं गाणं. त्याच चित्रपटासाठी केलेल्या ‘द लँड ऑफ सँड’ची चाल त्यांनी पुढे ‘द जंगल बुक’मध्ये (1967) ‘ट्रस्ट इन मी’ म्हणून वापरली, आणि ‘द ब्यूटिफुल ब्रायनी’ तर सरळ ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’मध्ये (1971) गेलं. म्हणून एखादं गाणं सापडत नसेल तर त्याच संगीतकाराचे नंतरचे चित्रपट आधी तपासा.

काही गाणी ध्वनिमुद्रित झाली, चित्रितही झाली, पण प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर कापली गेली. सर्वांत मोठा साठा याच प्रकारात आहे. पद्धत आपल्याकडच्या प्लेबॅकसारखीच होती: आधी स्टुडिओत गाणं मुद्रित करायचं, मग सेटवर ते वाजवून ओठ हलवायचे. त्यामुळे चित्रफीत नष्ट झाली तरी मूळ ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे टिकू शकतं. ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये (1952) दोन्ही अवस्था एकाच चित्रपटात मिळतात. डेबी रेनॉल्ड्सचं ‘यू आर माय लकी स्टार’ चित्रासकट शिल्लक आहे. जीन केलीने गायलेलं ‘ऑल आय डू इज ड्रीम ऑफ यू’ हेही चित्रित झालं होतं, पण आता फक्त ऐकायला मिळतं.

तिसरा प्रकार प्रदर्शनानंतर कापलेल्या गाण्यांचा. ‘अ स्टार इज बॉर्न’ (1954) पहिल्या खेळाला 181 मिनिटांचा होता, स्टुडिओने तो 154 मिनिटांवर आणला आणि त्यात दोन अख्खी गाणी गेली. इथे प्रेक्षकांपैकी काहींनी ती गाणी पडद्यावर पाहिलेली होती, हे निवेदनात सांगायला विसरू नका.

‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (1965) बाबतीत हमखास घोटाळा होतो. रंगमंचावरच्या नाटकातली ‘हाउ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह’ आणि ‘नो वे टू स्टॉप इट’ ही गाणी चित्रपटासाठी घेतलीच नाहीत, आणि ‘अ‍ॅन ऑर्डिनरी कपल’च्या जागी ‘समथिंग गुड’ हे नवं गाणं आलं. ही गाणी चित्रपटातून कापलेली नव्हेत. जे मुद्रितच झालं नाही त्याचं हरवलेलं चित्रण शोधण्यात वेळ घालवू नका.

अ‍ॅनिमेशनपटांचा प्रकार आणखी निराळा. ‘स्नो व्हाइट’मधलं (1937) बुटक्यांच्या सूप पिण्याचं ‘म्युझिक इन युअर सूप’ हे गाणं पेन्सिलीच्या हलत्या रेखाटनांच्या अवस्थेत कापलं गेलं. ते तसंच, बिनरंगाचं दाखवा. मुलांना ते फार आवडतं, आणि चित्र कसं घडत होतं तेही दिसतं.

शोध कुठून सुरू करायचा

सुरुवात चित्रपटाच्या डिस्कवरच्या ‘स्पेशल फीचर्स’पासून करा. जुन्या संगीतपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवर कापलेली गाणी बहुतेक वेळा याच भागात असतात, ऑनलाइन मंचांवरच्या त्याच चित्रपटात मात्र हा भाग क्वचितच मिळतो. ‘ब्रिगाडून’चं (1954) ‘कम टू मी, बेंड टू मी’ असं डिस्कवर आहे. दुसरा मोठा आधार म्हणजे ‘दॅट्स एंटरटेनमेंट! III’ (1994). एमजीएम स्टुडिओच्या गाण्यांच्या या संकलनात गाळलेली बरीच गाणी चांगल्या प्रतीत एकत्र आहेत. पहिल्याच कार्यक्रमाला हा एक चित्रपट हाताशी असला तरी अर्ध्याहून जास्त काम होतं.

नुसत्या आवाजासाठी 1990च्या दशकात ऱ्हायनो या कंपनीने काढलेले एमजीएम चित्रपटांचे विस्तारित अल्बम पाहा. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चा दोन सीडींचा संच (1995) त्यातलाच. अल्बमसोबतची पुस्तिका फेकू नका. ध्वनिमुद्रण कधी झालं, कुठला टेक घेतला, हे तिथे लिहिलेलं असतं.

गाणं चित्रपटासाठी होतं की नाही हे तपासायला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची ऑनलाइन सूची उपयोगी पडते, आणि ती फुकट पाहता येते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या जुन्या नोंदवह्याही स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आल्या आहेत. गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार आणि नोंदणीची तारीख त्यात सापडते. छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठांकडेही लक्ष ठेवा. चित्रपटाचं संकलन पुरं होण्याआधीच स्वरलिपी छापायला जायची, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या यादीत कापलेल्या गाण्याचं नाव तसंच राहून जायचं. पुरावा म्हणून हे मुखपृष्ठ पडद्यावर दाखवायलाही उत्तम.

यूट्यूबवरून शोध घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या शीर्षकावर विसंबू नका. ‘डिलीटेड साँग’ या नावाखाली तिथे बऱ्याचदा भलतंच काही असतं. त्यात सगळ्यात जास्त फसवतात त्या बाजारासाठी काढलेल्या तबकड्या. पुढे कार्यक्रमात येणारी, चित्रपटांतून कापलेली दोन गाणी गायिका-अभिनेत्री जुडी गार्लंडने डेक्का या तबकड्यांच्या कंपनीसाठीही गायली होती: ‘द जिटरबग’ 1939मध्ये आणि ‘बॉइज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी’ 1944मध्ये. ही ध्वनिमुद्रणं अस्सलच, पण ती चित्रपटातली नव्हेत. दहा इंची 78च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावत. गाणं नेमकं तीन मिनिटांत आटोपलं, मधला नाचाचा तुकडा नसला, वाद्यवृंद लहान वाटला, तर आधी तबकडीचा संशय घ्या. चित्रपटासाठीच्या मुद्रणात नाचासाठी लांब संगीत असतं, दुसऱ्या पात्रांचे आवाज मध्ये येतात, आणि सुरुवातीला टेकचा क्रमांक पुकारलेला काही वेळा ऐकू येतो. टाळ्या आणि निवेदक ऐकू आले तर ते रेडिओवरचं. हल्ली यंत्राकडून तयार केलेले ‘हरवलेल्या गाण्यांचे’ नकली आवाजही फिरतात. कुठल्या डिस्कवरून किंवा अल्बममधून घेतलं ते सांगता येत नसेल, तर ते गाणं कार्यक्रमात घेऊ नका, कितीही गोड असलं तरी.

कारण लिहिताना

गाणं का कापलं, हा प्रश्न श्रोते हमखास विचारतात, आणि घसरणही इथेच होते. बहुतेक गाण्यांच्या मागे एकच कारण नसतं. लांबी जास्त झाली, कथेचा वेग मंदावला, चाचणी खेळाला लोक कंटाळले, वितरकांना दिवसाला एक खेळ जास्त हवा होता, नटी बदलली, सेन्सॉरला खटकलं, अशी दोन-तीन कारणं एकत्र येतात. टिपणात दोनच शब्दप्रयोग ठेवा: कागदोपत्री आधार असेल तिथे ‘नोंद आहे’, बाकी ठिकाणी ‘सांगतात’. ‘1776’मधलं (1972) ‘कूल, कूल, कन्सिडरेट मेन’ हे गाणं निर्माते जॅक वॉर्नर यांनी कापलं, ही नोंद. ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सांगण्यावरून कापलं, हे ‘सांगतात’मध्ये घाला. ते गाणं पुढे चित्रपटात परत बसवलं गेलं, हेही लिहा.

आठ जागांचा कार्यक्रम

दोन तासांत आठाच्या वर जागा घेऊ नका. एका जागेला सरासरी अकरा मिनिटं धरा: चार मिनिटं प्रास्ताविक, दोन मिनिटं चित्रपटातला आधीचा प्रसंग, चार-पाच मिनिटं गाणं. आठ जागांची अठ्ठ्याऐंशी मिनिटं होतात. त्यात पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि सुरुवातीची दहा मिनिटं धरली की दोन तासांना थोडी उसंत राहते. पुढचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे.

पहिलं ‘द जिटरबग’ घ्या. चित्रपट सगळ्यांच्या ओळखीचा असतो, म्हणून. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये (1939) डोरोथी (जुडी गार्लंड) आणि तिचे तीन सोबती झपाटलेल्या जंगलात शिरतात, तिथे हे गाणं होतं. संगीत हॅरल्ड आर्लन, शब्द यिप हारबर्ग. चित्रीकरणाला सुमारे पाच आठवडे आणि 80,000 डॉलर लागले, असं सांगतात. चित्रण आज नाही, पण ध्वनिमुद्रण आहे आणि आर्लन यांनी तालमीच्या वेळी स्वतःच्या कॅमेऱ्यावर टिपलेली हलती चित्रंही आहेत. दाखवायची पद्धत अशी: चेटकीण आपल्या उडत्या माकडांच्या म्होरक्याला कामगिरीवर पाठवते तो प्रसंग लावा. त्यांचं लढायचं बळ काढून घ्यायला एक छोटासा किडा मी आधीच पाठवलाय, असं ती म्हणते. चित्रफीत तिथेच थांबवा आणि विचारा, हा किडा पुढे कुठे दिसतो? दिसतच नाही. जिटरबग म्हणजे तोच किडा. गाणं गेलं, त्याचा उल्लेख करणारं वाक्य राहिलं. मग गाणं लावा, पडद्यावर तालमीची चित्रं ठेवा, आणि ती तालमीची आहेत हे खाली मराठीत लिहा. वेळ उरला तर याच चित्रपटातली ‘ओव्हर द रेनबो’ची चेटकिणीच्या किल्ल्यातली पुनरावृत्ती ऐकवा. मूळ गाणंही चाचणी खेळानंतर कापायचं घाटत होतं. ते राहिलं आणि त्याला ऑस्कर मिळालं; किल्ल्यातली रडवेली पुनरावृत्ती मात्र गेलीच.

दुसरं लीना हॉर्नचं ‘एन्ट इट द ट्रूथ’, ‘केबिन इन द स्काय’ (1943) मधलं. साबणाच्या फेसात बसून गायलेलं हे गाणं त्या काळी फार धीट ठरलं. इथे एक गोष्ट थोडक्यात पण स्पष्ट सांगायला हवी: इतर बऱ्याच चित्रपटांत लीना हॉर्नची गाणी मुद्दाम कथेपासून सुटी चित्रित केली जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थिएटरांत कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं सहज कापून टाकता येई. कात्रीला असं सामाजिक कारणही असे, आणि ते झाकून ठेवू नये.

तिसरं ‘बॉइज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी’. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ते ‘ओक्लाहोमा!’ या नाटकासाठी (1943) लिहिलं आणि न्यूयॉर्कला येण्याआधीच गाळलं. ‘मीट मी इन सेंट लुइस’मध्ये (1944) जुडी गार्लंडवर चित्रित झालं, कापलं गेलं, चित्र हरवलं, आवाज राहिला. मग फ्रँक सिनात्राने ते ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’साठी (1949) गायलं, तिथूनही कापलं, पण हे चित्रण शिल्लक आहे. गार्लंडचा आवाज स्थिर छायाचित्रांवर आणि लगेच सिनात्राचं हलतं चित्र, असं पाठोपाठ दाखवा. आवाज टिकणं आणि चित्र टिकणं यातला फरक न सांगता कळतो.

चौथं अर्व्हिंग बर्लिनचं ‘मिस्टर मोनोटनी’, ‘ईस्टर परेड’ (1948) मधून गेलेलं. चित्रपट सुरू होतो 1912मध्ये, आणि गार्लंड इथे काळं टक्सिडो जॅकेट आणि हॅट घालून जवळजवळ आधुनिक नाइटक्लबचं गाणं म्हणते. चित्रपटातलं दुसरं एखादं गाणं आधी लावलंत तर हे त्यात का बसलं नाही ते डोळ्यांनाच दिसतं. बर्लिनने ते पुढे ‘मिस लिबर्टी’ (1949) आणि ‘कॉल मी मॅडम’ (1950) या दोन नाटकांत घालून पाहिलं, दोन्हीकडून निघालं. गार्लंडचा तो वेश मात्र वाया गेला नाही. ‘समर स्टॉक’मधल्या (1950) ‘गेट हॅपी’त तो जवळपास तसाच परत आला. अर्ध्या मिनिटाची तुलना पुरते.

पाचवं ‘टू-फेस्ड वुमन’. ‘द बँड वॅगन’साठी (1953) सिड चॅरिसवर चित्रित झालं, आवाज इंडिया अ‍ॅडम्सचा. गाणं कापल्यावर स्टुडिओने तेच ध्वनिमुद्रण ‘टॉर्च साँग’मध्ये (1953) जोन क्रॉफर्डच्या तोंडी घातलं. ‘दॅट्स एंटरटेनमेंट! III’मध्ये दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावली आहेत. आपल्या श्रोत्यांना पार्श्वगायन नवं नाही, पण हॉलिवूडमध्ये ते लपवून ठेवलं जायचं आणि गायिकेचं नाव पडद्यावर येत नसे, हे सांगा. क्रॉफर्ड या गाण्यात चेहरा काळा रंगवून येते. ते वर्णद्वेषी सोंग आहे, हे गाणं लावण्याआधी एका वाक्यात सांगून ठेवा, नंतर नको.

इथे मध्यंतर. नंतर ‘सिंगिंग इन द रेन’ची वर सांगितलेली जोडी आणि ‘ब्रिगाडून’चं गाणं. या दोन जागा हलक्या ठेवा, बोलणं कमी करा.

शेवटची जागा ‘अ स्टार इज बॉर्न’मधल्या ‘लूज दॅट लाँग फेस’साठी राखा आणि तिला पंधरा मिनिटं द्या. संगीत आर्लन, शब्द आयरा गर्शविन. गार्लंड इथे एका चित्रपटनटीच्या भूमिकेत आहे; सेटवर ती पोऱ्याच्या वेशात, तोंडावर रंगवलेले वांगाचे ठिपके घेऊन, हसतमुख राहायला सांगणारं गाणं गाते. शॉट थांबतो, ती आपल्या खोलीत जाते आणि नवऱ्याचं दारू पिणं सांगताना कोसळते. मग बोलावणं येतं. डोळे पुसून ती परत सेटवर जाते आणि उरलेलं गाणं त्याच हसऱ्या चेहऱ्याने पुरं करते. कापलेल्या प्रतीत मधला रडण्याचा प्रसंग राहिला, दोन्ही बाजूंचं गाणं गेलं. ही बाई असा विचित्र वेश का घालून बसली आहे आणि हुंदके आवरून कुठे निघाली आहे, हेच कळेनासं झालं. आधी फक्त मधला प्रसंग लावा. दोन क्षण थांबा. मग गाण्यासकट पूर्ण प्रसंग लावा. संध्याकाळभर जे सांगायचं ते इथे सर्वांत स्वच्छ दिसतं, म्हणून हीच जागा शेवटी. कात्री चालली तेव्हा दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर पुढच्या चित्रपटाच्या जागा पाहायला आपल्या उपखंडात आले होते. 1983मध्ये रॉनल्ड हेव्हर यांनी 176 मिनिटांची प्रत पुन्हा जुळवली; जिथे संवादांचं चित्र मिळालं नाही तिथे मूळ आवाजावर स्थिर छायाचित्रं लावली.

फायली तयार करताना

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, पाल डिस्कवर तो 25ने पळवलेला असतो. परिणामी चार मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 50 सेकंदांत संपतं आणि स्वर अर्ध्या सुराच्या थोडा कमी इतका चढतो. गाण्याचा कान असलेला श्रोता इथे लगेच अस्वस्थ होतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘चेंज स्पीड’ वापरून वेग 0.96 करा, म्हणजे वेग आणि स्वर दोन्ही जागेवर येतात. फक्त ‘टेम्पो’ बदललात तर स्वर चढाच राहील. ब्लू-रेवरून घेतलेल्या फायलींना हे करू नका. काही डीव्हीडीत स्वर आधीच दुरुस्त केलेला असतो, म्हणून सीडीवरच्या त्याच गाण्याशी पेटीवर सूर जुळवून पाहा.

आठ ठिकाणांहून आणलेल्या आठ फायलींचे आवाज कमीजास्त असतात. सगळ्या फायली ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने −18 एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक) आणा आणि टोक −1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढायचा मोह आवरा. ‘नॉइज रिडक्शन’ सहा डेसिबलच्या पुढे नेलंत की व्हायोलिनं पाण्याखाली वाजल्यासारखी येतात आणि गायिकेचा श्वास नाहीसा होतो. थोडी खरखर चालते.

मोनो ध्वनिमुद्रणाला कृत्रिम स्टिरिओ करू नका. एमजीएमने काही गाणी अनेक मायक्रोफोनच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतली होती, म्हणून त्यांचे नंतरचे अल्बम खऱ्या स्टिरिओत आहेत. ते तसेच घ्या.

1953 पूर्वीचं चित्र जवळजवळ चौकोनी, 1.37:1 असतं. प्रोजेक्टरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. ‘फुल स्क्रीन’ केलंत तर नाचणाऱ्यांचे पाय आखूड आणि जाड दिसतात. ‘अ स्टार इज बॉर्न’ उलट फार रुंद आहे, 2.55:1, तिथे वर-खाली पट्टे येतील. पडद्याची उंची नाही, रुंदी याच चित्रपटावरून ठरवा.

चित्र नसलेल्या गाण्यावर स्थिर छायाचित्र आठ ते दहा सेकंद ठेवा आणि हळू सरकवा. चार मिनिटांच्या गाण्याला पंचवीस-तीस छायाचित्रं लागतात. तेवढी नसली तर त्याच छायाचित्राच्या जवळच्या चौकटी करा. दुसऱ्या प्रसंगातली हलती दृश्यं घुसडू नका. लोकांना तेच मूळ चित्रण वाटतं आणि ते तसंच पुढे सांगितलं जातं.

टिपणाचा कागद

ए-फोर कागदाच्या दोन बाजू पुरे. प्रत्येक गाण्याला चित्रपट आणि वर्ष, संगीतकार आणि गीतकार, पडद्यावर कोण आणि आवाज कोणाचा, कथेतली जागा, आज काय शिल्लक आहे, आणि कापण्याचं कारण. गीताचं शब्दशः भाषांतर देऊ नका. हारबर्ग किंवा गर्शविन यांच्या यमकांची गंमत भाषांतरात जाते आणि लोक गाणं सोडून कागद वाचत बसतात. तीन ओळींत आशय द्या, बस्स.

जाहिरातीच्या फलकावर कार्यक्रमाचं नाव कानडीतही लिहा, आणि निवेदनाच्या सुरुवातीला दोन वाक्यं कानडीत बोला. संगीताच्या कार्यक्रमाला बेळगावात दोन्ही भाषांचे लोक येतात; कागदाची कानडी बाजू करता आली तर आणखी चांगलं.

हॉल, यंत्रं आणि वेळ

जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराचा हॉल घेऊ नका. आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की 1939चं ध्वनिमुद्रण ऐकू येणं अशक्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त 1 नोव्हेंबर टाळा. राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी असल्यामुळे रस्ते आणि लोक दोन्ही अडकलेले असतात. साडेचारला सुरू करून पावणेसातच्या आत संपवा, म्हणजे खानापूर-निपाणीकडच्यांना परतीची बस सापडते.

साठ-सत्तर माणसांच्या हॉलला 3000 ल्यूमेनच्या वरचा प्रोजेक्टर आणि दहा-बारा इंची दोन स्पीकर पुरतात. साउंडवाल्याला तीन गोष्टी आधी सांगा: एको बंद, सबवूफर बंद, इक्वलायझर सपाट. त्याची मांडणी लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या हिशेबाने केलेली असते. त्या मांडणीत जुनं गाणं विहिरीतून आल्यासारखं घुमतं. स्पीकर पडद्याच्या दोन्ही कडांना जवळ ठेवा, लांब कोपऱ्यांत नको. लॅपटॉपमधलं ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ही बंद करा. सगळ्या फायली लॅपटॉपवर क्रमांक घालून ठेवा आणि त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. हॉलच्या वायफायवर काही चालवायचं नाही. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, प्रोजेक्टर बंद पडतो आणि परत सुरू व्हायला वेळ घेतो. लहान यूपीएस मागवा, आणि तोही नसेल तर त्या वेळेत ऐकवायला नुसत्या आवाजाची दोन गाणी बॅटरीच्या स्पीकरवर तयार ठेवा.

हक्कांचा प्रश्न

भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. इथे ‘प्रकाशन’ हा शब्द महत्त्वाचा. 1939चं गाणं 1995मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं असेल तर मुदत चित्रपटाच्या वर्षापासून मोजून चालणार नाही. गीत आणि चाल यांचा हक्क तर रचनाकाराच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने आपल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कलम 52मध्ये सवलत आहे, आणि समीक्षेसाठी छोटा उतारा वापरायलाही. अख्खा चित्रपट दाखवणं यात बसत नाही, त्याला परवानगी लागते. म्हणून तिकीट लावू नका, विकत घेतलेल्या डिस्कवरूनच वाजवा, उतारे छोटे ठेवा, आणि कार्यक्रमाचं चित्रण गाण्यांसकट इंटरनेटवर टाकू नका. हॉलचं भाडं सभासदांच्या वर्गणीतून भागवा. मोठा किंवा प्रायोजित कार्यक्रम असेल तर वकिलाला विचारून मगच पुढे जा.

रंगीत तालीम त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रांवर, पूर्ण दोन तासांची घ्या. फायलींचा क्रम, प्रत्येक उताऱ्याची सुरुवात आणि शेवटचा सेकंद एका कागदावर लिहून लॅपटॉपवाल्यासमोर चिकटवा. ‘लूज दॅट लाँग फेस’च्या वेळी उतारा कुठे थांबवायचा ते लाल शाईने लिहा, तिथे दोन सेकंद उशीर झाला तर पुढचा प्रसंग आधीच दिसून जातो. कार्यक्रमानंतर त्याच फोल्डरमध्ये टिपणाचा कागद आणि कुठली फाइल कुठल्या डिस्कवरून घेतली त्याची यादी ठेवा, म्हणजे चिकोडी किंवा निपाणीच्या मंडळाने मागितला तर कार्यक्रम तसाच्या तसा देता येईल.